आधी कागद, मग टोकन

कोथरूडचा सासूसासऱ्यांचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा ज्या ज्या एजंटशी बोलले, त्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला. "काकू, कागद एवढ्यात कुणाला दाखवू नका. टोकन येऊ द्या, पार्टी पक्की झाली की मग फाईल काढू." म्हणजे पत्रिका दाखवायच्या आधी साखरपुडा उरकून घ्यायचा! मला हे पटणं शक्यच नव्हतं. माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात झाली. टेबलाच्या अलीकडे बसून 'चेन आणा, इंडेक्स टू आणा, सोसायटीचं पत्र आणा' म्हणण्यात हयात गेली. (चेन म्हणजे आधीच्या मालकांच्या करारांची साखळी, इंडेक्स टू म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा.) टोकन देऊन बसलेले, मग कागद अपुरे निघाल्यावर तेच पैसे सोडवायला विकणाऱ्याच्या दारात खेटे घालणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या काहींनी माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणलेलं आहे.

आपल्याकडे समज असा की, घर घेताना सावध राहणं हे घेणाऱ्याचं काम. विकणाऱ्याने दार उघडून हॉल-किचन दाखवायचं आणि भाव धरून बसायचं. कायदा मात्र उलट्या बाजूने बोलतो, आणि आजचा नाही, १८८२ पासूनचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५ वाचून बघा. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर विकणाऱ्याने काय काय करायचं याची तिथे यादीच आहे. घेणाऱ्याने मागितल्यावर मालकीचे आपल्याकडचे सगळे कागद तपासायला पुढे ठेवायचे. त्याने मालमत्तेबद्दल किंवा मालकीबद्दल विचारलेल्या प्रश्नांना माहीत असेल तेवढं खरं उत्तर द्यायचं. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर भरायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घरात किंवा मालकीत असा एखादा मोठा दोष असेल की जो आपल्याला माहीत आहे पण समोरच्याला साधी काळजी घेऊनही कळणार नाही, तर तो आपण होऊन सांगायचा. न सांगणं ही फसवणूक धरली जाते. रेराचं नाव आता सगळ्यांना पाठ झालंय, पण २०१६ चा तो कायदा मुख्यतः बिल्डरच्या प्रकल्पांसाठी. चाळीस वर्षांच्या जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकताना कामाला येतं ते हे ५५ कलमच.

म्हणून मी घरात सांगितलं, आधी फाईल लावायची, मग जाहिरात.

फाईल तशी तयार होती, कारण सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि कागद फेकणं त्यांना ठाऊकच नव्हतं. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली जाड फाईल. १९८४ चं बिल्डरबरोबरचं रजिस्टर केलेलं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, त्याला जोडलेली नोंदणीची पावती, हप्त्यांच्या पावत्या टाचणी लावून क्रमाने. टाचण्या इतक्या गंजलेल्या की पावत्यांना तपकिरी भोकं पडलेली. ताबा पावती. सोसायटी झाल्यावर मिळालेलं शेअर सर्टिफिकेट, प्रत्येकी ५० रुपयांचे ५ शेअर. त्या २५० रुपयांच्या कागदावर आज लाखोंचं घर उभं आहे. सर्टिफिकेटच्या पाठीमागे हस्तांतराचा तक्ता असतो, तो मी कर्जदारांना नेहमी उलटून दाखवायला लावत असे. पुढची बाजू सगळेच दाखवतात. मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते मागच्या बाजूला असतं, चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्यांसकट. आमच्या तक्त्यात २००९ ची एकच नोंद, सासऱ्यांकडून सासूबाईंकडे.

(पुण्यात एक भानगड लक्षात ठेवायची. सगळ्याच बिल्डिंगा सोसायट्या नसतात. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली झालेल्याही भरपूर आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, 'डीड ऑफ अपार्टमेंट' असतं. बाहेरगावचा वकील शेअर सर्टिफिकेट मागत बसतो आणि विकणारा उगाच घाबरतो.)

फाईलमधला मला सगळ्यात आवडलेला कागद म्हणजे गहाणखत. सासऱ्यांनी सरकारी घरबांधणी अग्रिम घेऊन फ्लॅट घेतला होता, आणि अशा कर्जात घर गहाण राहतं ते थेट भारताच्या राष्ट्रपतींकडे. सासूबाई हे शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगत. आमच्या वकिलांनी तीस वर्षांहून मागे जाऊन सर्च, म्हणजे नोंदणीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतला तेव्हा ही गहाणाची नोंद वर आली आणि त्यांनी तडक फोन केला, "मॅडम, बोजा आहे." कर्ज कधीच फिटलेलं. पण फिटलं हे आपण म्हणून भागत नाही, गहाण सोडवल्याचा दस्त लागतो. तो फाईलमध्ये मिळाला, नोंदणीच्या शिक्क्यासकट. हा एक कागद नसता तर सरकारी कचेऱ्यांच्या वाऱ्या करून तो मिळवावा लागला असता, आणि ज्या खात्याने कर्ज दिलं त्या खात्यात १९८४ चं कोण ओळखणार?

बँकेचं कर्ज फेडलेल्यांनी तर हे विसरूच नये. मूळ कागद बँकेकडे असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम माहीत असला की काउंटरवरचा आवाज बदलतो, हे मी काउंटरच्या आतून सांगते आहे.

साठेखत ५ रुपयांच्या स्टॅम्पवर होतं. घ्यायला आलेल्या जोडप्याचा वकील तरुण होता, तो हे बघून चमकला. "मुद्रांक कमी आहे, मॅडम." मी म्हटलं, तारीख बघा. महाराष्ट्रात ताब्यासहच्या साठेखतावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक लागायला लागला तो १० डिसेंबर १९८५ पासून. त्याच्या आधीचं साठेखत ५ रुपयांवर चालत होतं. आमचं आधीचं. १९८६-८७ चा करार असता आणि त्यावर असाच पाचाचा स्टॅम्प असता, तर मात्र त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. जुने करार विकायला काढण्याआधी ही तारीख जरूर ताडून बघा. कमी पडलेला मुद्रांक भरण्यासाठी सरकार अधूनमधून अभय योजना काढतं, २०२३ च्या योजनेत १९८० पासूनचे दस्त घेतले होते. ती खिडकी उघडी असताना भरलं तर दंड वाचतो. नेमका सौदा ठरल्यावर मात्र ती बंद असते.

आता खरा गुंता. वारस.

सासरे २००९ मध्ये गेले. नॉमिनी सासूबाई. सोसायटीने सर्टिफिकेटवर त्यांचं नाव लावलं आणि सगळ्यांना वाटलं, झालं, घर आईचं झालं. तसं होत नाही. नॉमिनेशन म्हणजे सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा याची सोय. मालकी वारसा कायद्याने ठरते. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात तर स्पष्टच आहे की वारसाचे कागद येईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे त्याच दिवशी घराचे चार वाटेकरी झाले होते. सासूबाई आणि तिन्ही मुलं. मग सासूबाईही गेल्या. त्यांनी नॉमिनी म्हणून ह्यांचं नाव दिलेलं. म्हणून एजंट म्हणत होता, "साहेबांची एकट्याची सही पुरे, सोसायटी ट्रान्सफर देईल." सोसायटी देईलही. पण घेणाऱ्याच्या बँकेत माझ्यासारखी कुणी बसली असेल तर ती देणार नाही, आणि देऊही नये.

आम्ही तिघांनीही विकणारे म्हणून उभं राहायचं ठरवलं. हे, नाशिकच्या वन्सं आणि न्यू जर्सीचे भाऊजी. भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, मी दादाला हक्कसोड करून देतो ना, कशाला ही यातायात?" भाऊजी मनाने मोठे आहेत, पण हक्कसोडपत्र म्हणजे हक्क सोडला. रक्ताच्या नात्यात त्याला मुद्रांक नाममात्र लागतो म्हणून लोक पटकन करतात, आणि मागाहून 'त्याचा वाटा' म्हणून रक्कम पाठवतात. मग आयकरात ती रक्कम कुठल्या रकान्यात बसवायची? भांडवली नफा कुणाचा? ज्याला पैसे मिळणार त्याने सही करावी, हे माझं जुनं मत आहे आणि त्यावरून घरात थोडी खडाजंगी झाली.

वारस तिघेच आहेत हे सिद्ध करायला न्यायालयातून वारस दाखला घेतला. तो मिळतो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली, म्हणजे पेशवाई बुडून नऊ वर्षं झालेली होती तेव्हाचा नियम अजून रोजच्या कामात आहे. अर्ज, मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, मग दाखला. लोक 'सक्सेशन सर्टिफिकेट' घेऊन येतात, पण ते १९२५ च्या वारसा कायद्याखालचं, येणी आणि रोख्यांसाठीचं. बँकेतल्या ठेवीला ते चालतं. घरासाठी वारस दाखला. दाखला हातात आल्यावर सोसायटीत अर्ज देऊन तिघांची नावं सर्टिफिकेटवर चढवली. वारसांकडे जाणाऱ्या हस्तांतरावर सोसायटीला अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, घेता येत नाही. आमच्या कमिटीतल्या एका सदस्यांनी तरी विचारून पाहिलंच.

भाऊजींचं मुखत्यारपत्र हा स्वतंत्र विषय. नुसती सही करून कुरिअरने पाठवलेला कागद इथे नोंदणीला चालत नाही. त्यांनी ते न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवलं. इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याला इथला मुद्रांक लावून घ्यावा लागतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. मजकुरातही 'सर्व व्यवहार करण्याचा अधिकार' असं मोघम लिहून भागत नाही. कुठला फ्लॅट, विकण्याचा अधिकार, दस्त नोंदवायला हजर राहण्याचा अधिकार, हे सगळं नावानिशी हवं. परदेशातल्या मराठी मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे की, मसुदा इथल्या वकिलाकडून आधी मागवा आणि मगच कॉन्सुलेटची वेळ घ्या. शिवाय अनिवासी विकणाऱ्याच्या वाट्यावर घेणाऱ्याला टीडीएस वेगळ्या दराने कापावा लागतो. इथल्या दोघांच्या वाट्यावर १ टक्का, भाऊजींच्या वाट्यावर दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के दर अधिक सेस वगैरे. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर घेणारा नफ्याऐवजी पूर्ण रकमेवर कापून मोकळा होतो. हे घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. त्याला ऐन वेळी कळलं तर तो बिचारा गांगरतो.

हे झाले कागदावरचे प्रश्न. कागदावर नसलेले दोन होते.

एक, हॉलची बाल्कनी. १९९२ च्या सुमारास सासऱ्यांनी ती सरकत्या खिडक्या लावून आत घेतली. मंजूर नकाशात ती बाल्कनीच आहे. हे डोळ्यांना दिसतं, नकाशा शेजारी ठेवला की कुणालाही कळतं. तरी मी तो नकाशा टीपॉयवर उघडूनच ठेवत असे.

दुसरा बाथरूमचा. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या छताला दोन पावसाळे ओल येत होती. त्यांचं तक्रारीचं पत्र सोसायटीच्या फाईलला आहे. आम्ही फरशी उखडून जलरोधक काम करून घेतलं, नळ्या बदलल्या, आणि त्यानंतर ओल थांबली. पण थांबली म्हणजे कायमची थांबली असं कोण सांगणार? ह्यांचं म्हणणं, "काम झालंय ना? मग बोलायचं कशाला? सगळं सांगत बसलीस तर कोण घेईल घर?" मी म्हटलं, "अहो, नव्या टाइल्स बघून तो म्हणेल वा, बाथरूम नवीन केलंय. टाइल्सच्या खाली काय होतं ते त्याला कसं दिसणार? कायद्यात जे लिहिलंय ते नेमकं हेच." हे गप्प बसले, पटलं म्हणून नाही, जेवायची वेळ झाली म्हणून. मी कामाचं बिल, कंत्राटदाराची हमी आणि आजोबांचं पत्र, तिन्ही फाईलला लावलं. एक कुटुंब ते वाचून गेलं ते परत आलं नाही. एजंटने माझ्याकडे असं काही पाहिलं!

सोसायटीकडून काय आणायचं? बाकी नसल्याचा दाखला हा सगळ्यांना ठाऊक असलेला कागद. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना-हरकतीची सक्ती नाही, पण बँका मागतात म्हणून घ्यावी लागते. हस्तांतर फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० आणि प्रीमियम. महापालिका हद्दीत हा प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे. त्यावर 'स्वेच्छा देणगी' म्हणून जे काही मागितलं जातं त्यात स्वेच्छा कुणाची असते ते सांगायला नको. मी परिपत्रकाची प्रत अर्जालाच जोडली होती. सेक्रेटरीकाका चांगले आहेत, ते नुसते हसले.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. कोथरूडमध्ये जुन्या बिल्डिंगमधला फ्लॅट घेणारा खरं तर पुनर्विकास विकत घेत असतो. बिल्डर ठरला आहे का, ठराव झाला आहे का, किती सभासद विरोधात आहेत, हे त्याला कळायला हवं. २०१९ च्या जुलैमध्ये सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचे नवे निर्देश आल्यापासून ५१ टक्के सभासदांच्या संमतीवर पुनर्विकास पुढे सरकतो, म्हणजे एखादा ठराव घेणाऱ्याचं पुढचं दशक बदलू शकतो. आणि ही इतिवृत्तं त्याला कुणी देणार नाही, कारण तो सभासद नाही. नक्कल मागण्याचा हक्क सभासदाचा. म्हणून ती विकणाऱ्यानेच मागवून फाईलला लावायची. आमच्याकडे बोलणी सुरू आहेत, ठराव नाही. एजंट सगळ्यांना 'रिडेव्हलपमेंट फायनल आहे' सांगत होता. मी इतिवृत्त दाखवलं की त्याचं वाक्य तिथेच संपे.

तसंच अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं. सोसायटी झाली, पण जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर, ही पुण्यामुंबईतल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांची गोष्ट आहे. आमचीही. मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा असं दर वार्षिक सभेत ठरतं. मी ते जसंच्या तसं सांगितलं. घेणाऱ्या मुलाचे वडील बार्शीचे, शेती असलेले. ते म्हणाले, "ताई, ते ऱ्हाऊ द्या. फ्लॅटचा सातबारा दाखवा." फ्लॅटला सातबारा नसतो, असलाच तर खालच्या जमिनीचा असतो, आणि गावठाणात-शहरात पुष्कळ ठिकाणी त्याच्याऐवजी मिळकत पत्रिका असते, हे समजावता समजावता माझा चहा गार झाला. शेवटी जमिनीचा उतारा दाखवला. त्यांनी चष्मा लावून इतर हक्काचा रकाना आधी वाचला. कागद वाचायची सवय असलेला माणूस, मला एकदम आवडले.

बाकीचं भराभर सांगते. भोगवटापत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आमच्या फाईलमध्ये नव्हतं, सोसायटीलाही सापडेना. माहिती अधिकारात महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि नक्कल मिळाली. मिळकतकराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, पण बाकी शून्य हवी. पार्किंगबद्दल लोक तोंडी बोलतात, 'आमची गाडी तिथेच लागते'. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की इमारतीखालच्या पार्किंगच्या जागा बिल्डरला वेगळ्या विकता येत नाहीत. त्या सोसायटीच्या सामाईक जागा. म्हणून आम्ही करारात पार्किंग 'विकलं' असं लिहिलंच नाही, सोसायटीचं वाटपाचं पत्र तेवढं जोडलं.

शेअर सर्टिफिकेट किंवा जुना करार हरवला असेल तर घाबरून लपवालपवी करू नये. पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हमीपत्र, मग सोसायटीकडून दुसरी प्रत. नोंदवलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. वेळ जातो, म्हणूनच जाहिरातीच्या आधी करायचं.

एजंटांच्या भीतीत एक मुद्दा मात्र खरा आहे. मोकळ्या झेरॉक्स फिरल्या तर त्यांचा गैरवापर होतो. त्यावर उपाय कागद लपवणं हा नव्हे. मूळ कागद आमच्याच घरी, आमच्यासमोर बघायचे. झेरॉक्स दिली तर प्रत्येक पानावर मधोमध तिरकं लिहायचं, 'केवळ पाहणीसाठी', खाली नाव आणि तारीख. आधार-पॅनची प्रत तर साठेखताच्या टप्प्याआधी कुणालाच नाही. मूळ कागद द्यायचे ते पूर्ण पैसे मिळाल्यावर, कलम ५५ मध्येही तसंच आहे. घेणाऱ्याने कर्ज काढलं असेल तर ते त्याच्या बँकेत जातात, म्हणून पैसे आणि कागद यांची अदलाबदल एकाच टेबलावर करायची.

बार्शीच्या काकांनी सगळं वाचून झाल्यावर खिशात हात घातला. "टोकन किती देऊ?" मी म्हटलं, रोख नको, विसार पावती करू. तिच्यात आम्ही स्वतः होऊन लिहिलं की मालकीत दोष निघाला तर विसाराची रक्कम अमुक मुदतीत परत. त्यांचा मुलगा आयटीतला, तो म्हणाला, "काकू, हे सहसा आम्हाला भांडून घालून घ्यावं लागतं." बाथरूमच्या ओलीचं कारण सांगून त्यांनी भाव थोडा पाडला. ह्यांना अजून वाटतं की मी तोंड मिटून बसले असते तर ते पैसे आपले होते. असतीलही. पण विसारापासून साठेखतापर्यंत त्यांच्या वकिलाचं शंकेचं एक पत्र आलं नाही, आणि त्यांच्या बँकेने सर्च आमच्याच रिपोर्टवरून ताडून मंजुरी दिली. हवेलीच्या नोंदणी कार्यालयात अंगठे आणि फोटो व्हायला जेवढा वेळ लागला तेवढाच.

ताबा देताना किल्ल्यांबरोबर कागदांची यादी दोन प्रतींत केली, मूळ कोणते, नक्कल कोणती, पानं किती, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. ही यादी पुढे कधी 'तो कागद तुम्ही दिलाच नाही' झालं तर कामी येते. संपूर्ण फाईल स्कॅन करून ठेवली आहे, कारण आयकरासाठी नफा मोजताना घराची १ एप्रिल २००१ ची किंमत दाखवायला मूल्यांकनाचा अहवाल आणि जुने करार लागतातच.

महावितरणचं तेवढं राहिलंय. नाव बदलायच्या अर्जावर ह्यांनी संमतीची सही केव्हाच करून दिली, तरी बिलाचा मेसेज अजून ह्यांच्याच फोनवर येतो, सासऱ्यांच्या नावाने. परवा त्या मुलाला फोन केला. "काकू, या शनिवारी नक्की," म्हणाला. बिल त्याने भरलेलं असतं, आळस फक्त अर्जाचा आहे.